पोलीस नक्की कोणाचे? नागपूरकरांनो, बोला

रामदासपेठी
घरातलं भांडण इथं आणतोय, सांभाळून घ्या. माझे दोन काका. मोठे जनसंघापासूनचे, धाकट्यांनी पंजा सोडून दुसरीकडे कधी बोट टेकवलं नाही. २०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत मोठे काका म्हणायचे, पोलिसांचे हात बांधू नका, त्यांना काम करू द्या. सरकार बदललं आणि महिनाभरात त्याच काकांच्या तोंडी 'पोलीस म्हणजे सत्ताधाऱ्यांचे घरगडी' आलं. धाकट्यांचं नेमकं उलट. २०२२ च्या जूननंतर दोघांनी परत बाजू बदलल्या. परवा जेवताना एका लाठीमाराचा विषय निघाला, तर दोघांनी आधी विचारलं काय, तर मोर्चा कोणाचा होता. डोकी किती फुटली ते नंतर.

तर प्रश्न असा: पोलिसांबद्दलचं तुमचं एखादं मत आहे का, जे सरकार बदलूनही जसंच्या तसं राहिलं? 'सगळे खातात' आणि 'बिचारे किती राबतात' ही दोन सोडून सांगा. ती मला पाठ आहेत.

तर्रीबाज
आहे ना. चौकातला मामा नेहमी झाडाच्या मागंच उभा रायते. इतके मुख्यमंत्री आले न गेले, झाड तेच.

खामल्याचा
@तर्रीबाज, झाड मेट्रोत गेलं भाऊ. आता मामा पिलरच्या मागं रायते.

वर्धा_रोड
मला आपल्या शहराची वेगळीच गंमत वाटते. २०१४ पासून मधला थोडा काळ सोडला तर गृहखातं नागपूर जिल्ह्याबाहेर गेलेलंच नाही. २०१४ ते २०१९ फडणवीस. मग काटोलचे अनिल देशमुख, ते एप्रिल २०२१ मध्ये राजीनामा देऊन गेले. त्यानंतर वर्षभर वळसे पाटील, आणि २०२२ पासून पुन्हा फडणवीस. पक्ष वेगळे, जिल्हा एक. म्हणजे 'मुंबईवाल्यांना आमचं काय पडलंय' हे रडगाणं इथं चालत नाही. तरी शेजाऱ्यांची ॲक्टिव्हा चोरीला गेली तेव्हा गुन्हा नोंदवायला आठवडा लागला. आधी त्यांना सांगितलं, 'दोन-चार दिवस पाहा, पोट्ट्यांनी पेट्रोल संपेपर्यंत फिरवली असेल, सापडेल कुठंतरी.'

ठाकुर्ली_फास्ट
त्या अ‍ॅक्टिव्हाचं काय झालं?

वर्धा_रोड
सापडली. पेट्रोल संपलेलं होतं.

निवृत्त_खाकी
धागाकर्ते, काकांना सांगा की सरकार बदलल्यावर पोलीस बदलत नाहीत, खुर्चीतला पोलीस बदलतो. मी विदर्भात ठाणेदार होतो, गावं सांगत नाही. सरकार गेलं की ज्या ठाण्यांना 'मलईची' म्हणतात तिथली माणसं आधी हलतात आणि तिथं शिफारशीची माणसं येतात. आलेल्याला पक्कं ठाऊक असतं की आपण कोणाच्या चिठ्ठीवर आलो. लोकांना वाटतं वरून फोन येतो आणि मग पोलीस झुकतो. बहुतेक वेळा फोन येतच नाही. येईल या हिशेबानंच अर्धी कामं उरकली जातात. फिर्यादी कोणाचा माणूस आहे हे त्याला बाकावर बसवायच्या आधीच हेरलेलं असतं.

सर्वोच्च न्यायालयानं २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाश सिंह प्रकरणात सांगितलं होतं की ठाणेदाराला किमान दोन वर्षं हलवू नका, बदल्या आस्थापना मंडळाकडे द्या, तपास करणारे आणि बंदोबस्त करणारे वेगळे ठेवा, लोकांना दाद मागायला तक्रार प्राधिकरण नेमा. प्रकाश सिंह स्वतः निवृत्त महासंचालक. म्हणजे गाऱ्हाणं घेऊन गेलेला माणूसही खाकीतलाच. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये पोलीस कायदा दुरुस्त केला, मंडळं आली, मुदती लिहिल्या गेल्या. सोबत हेही लिहिलं गेलं की अपवादात्मक परिस्थितीत, जनहितासाठी आणि प्रशासकीय निकड म्हणून मुदतीआधी बदली करता येईल. त्या एका वाक्यातून बैलगाडी जाते. ते लिहिलं एका सरकारनं, वापरलं सगळ्यांनी. माझं न बदललेलं मत विचाराल तर हेच: ज्याच्या हातात बदली, त्याचा पोलीस.

ठाकुर्ली_फास्ट
ठाणेदार म्हणजे सीनियर पीआय ना? आमच्याकडे हा शब्द सिनेमातच ऐकला.

खामल्याचा
हो. इथं त्याचा रुबाबही सिनेमातलाच आहे.

मोमिनपुरा_कट्टा
निवृत्त_खाकी यांचं बदलीचं गणित पटतं, पण आमच्यासाठी ते अर्धंच आहे. मी मराठी माध्यमात शिकलो, नोकरी वाडीला. रात्री नाकाबंदीत थांबवतात, थांबवू देत. 'कुठून आलात' इथपर्यंत अहो-जाहो असतं. लायसन्सवरचं नाव वाचलं की पुढचं वाक्य 'गाडी बाजूला घे' असं येतं, आणि डिकी उघडायला लागते. मागच्या गाडीवर ऑफिसातला मित्र असतो, तो हात दाखवून पुढे जातो आणि पुढच्या टपरीवर माझी वाट पाहत थांबतो. यात कोणाचं सरकार होतं ते मी कधी मोजलं नाही, कारण फरक पडला नाही.

कोणी म्हणेल, तुला वाटतं तसं. कॉमन कॉज आणि लोकनीती या संस्थांचा पोलिसांवरचा २०१९ चा अहवाल काढून वाचा. २१ राज्यांतल्या सुमारे १२ हजार पोलिसांनाच विचारलं होतं. मुसलमान मुळातच गुन्हेगारीकडे झुकतात असं बऱ्याच किंवा काही प्रमाणात वाटतं, असं म्हणणारे निम्म्याच्या आसपास होते. ही आमची तक्रार नाही, त्यांनी स्वतः दिलेलं उत्तर आहे.

महालकर
मोमिनपुरा_कट्टा, तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही. पण दुसरी बाजूही लिहितो. १७ मार्च २०२५ च्या रात्री मी चिटणीस पार्कजवळ घरातच होतो. दुपारी औरंगजेबाच्या कबरीवरून आंदोलन झालं, संध्याकाळी अफवा पसरली, अंधार पडल्यावर दगड सुरू झाले. खाली उभ्या असलेल्या गाड्या जळत होत्या आणि आई विचारत होती की गॅस बंद केला का. विधानसभेत सांगितलेला आकडा ३३ जखमी पोलिसांचा होता, त्यात तीन उपायुक्त. एकावर तर कुऱ्हाडीचा घाव. गल्लीच्या तोंडाशी खाकी दिसली तेव्हा कुठं घशाखाली पाणी उतरलं. त्या रात्री पोलीस पक्षपाती आहेत का, असं मला कोणी विचारलं असतं तर मी त्याला खिडकीतून बाहेर पाहायला सांगितलं असतं.

मोमिनपुरा_कट्टा
जखमींबद्दल वाईटच वाटलं, आमच्याकडेही वाटलं. त्या दंगलीत जीव गेला तो आमच्यातल्याच एकाचा. मग अकरा ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी, तीही समजू शकतो. पण २४ मार्चला आरोपीचं घर पाडलं. नोटीस द्या, पंधरा दिवस थांबा, असं सर्वोच्च न्यायालयानं १३ नोव्हेंबर २०२४ लाच सांगून ठेवलं होतं. नागपूर खंडपीठाची स्थगिती आली तोवर घर जमिनीवर आलं होतं.

महालकर
ते मनपानं पाडलं, पोलिसांनी नाही.

मोमिनपुरा_कट्टा
बंदोबस्त कोणाचा होता, भाऊ?

संपादक
दोघांचंही म्हणणं पोचलं आहे. मार्च २०२५ साठी वेगळा धागा आहे, पुढचं तिकडे. इथं मूळ प्रश्नाला धरून लिहावं.

तर्रीबाज
जमावबंदी लागली.

इंदोरा_चौक
मूळ प्रश्नाला धरूनच लिहितो. काकांचं भांडण हे सत्तेत येणाऱ्या-जाणाऱ्यांचं भांडण आहे. ज्यांचा पक्ष कधी सत्तेत आलाच नाही त्यांनी कोणत्या तारखेला मत बदलायचं?

२९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. इथून तासा-दीड तासावर. राज्यात आणि दिल्लीत दोन्हीकडे तेव्हा काँग्रेस आघाडी होती. एका दलित घरातले चौघे मारले गेले आणि महिनाभर मोठ्या वर्तमानपत्रांत धड बातमी नव्हती. नोव्हेंबरात नागपुरात लोक रस्त्यावर उतरले तेव्हा मात्र पोलीस लगेच हजर झाले, लाठ्या घेऊन. तपासात कुचराई केली म्हणून काही पोलीस निलंबित झाले, प्रकरण सीबीआयकडे गेलं. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी सुनावली, २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं ती २५ वर्षांच्या जन्मठेपेवर आणली. ॲट्रॉसिटीचं कलम ना खाली लागू झालं, ना वर. माझ्या मते ते पहिल्या काही दिवसांतच गेलं होतं. पुरावा ताजा असतो तेव्हा हवालदाराला ते 'आपसातलं भांडण' वाटलं की पुढं सीबीआय येवो नाहीतर कोणी.

फिर्याद द्यायला गेलो की अजूनही पहिला सल्ला असतो, 'ॲट्रॉसिटी कशाला लावता, गावात राहायचं आहे ना?' हे वाक्य मी दोन्ही सरकारांत ऐकलंय.

वर्धा_रोड
+१. पण ॲट्रॉसिटीच्या खोट्या तक्रारीही होतात हे

संपादक
वर्धा_रोड, तो विषय इथं सुरू केलात तर धागा दोनशेवर जाईल आणि कुलूप मला लावावं लागेल. नवीन धागा काढा.

झिरो_माइल
१९९४ चं कोणी काढलं नाही म्हणून लिहितो. २३ नोव्हेंबर. अधिवेशन सुरू होतं, गोवारी समाजाचा मोर्चा आदिवासी म्हणून सवलती मागायला विधान भवनाकडे आला होता. बायका, लहान पोरं, भाकरी फडक्यात बांधून आलेली. दिवसभर कोणी मंत्री भेटायला आला नाही. संध्याकाळी रेटारेटी झाली, लाठ्या चालल्या, चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं गेली. मी तेव्हा बर्डीवर दुकानात कामाला होतो. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर चपला पडल्या होत्या, लहान मापाच्या जास्त. दाणी आयोग नेमला गेला, आयोगानं कोणालाच जबाबदार धरलं नाही. स्मारक झालं, उड्डाणपुलाला 'आदिवासी गोवारी शहीद' नाव मिळालं. त्या पुलावरून रोज जाणाऱ्या किती पोट्ट्यांना हे माहीत आहे? तेव्हा विरोधात असलेल्यांनी खूप आरडाओरड केली होती. पुढं तेही सत्तेत आले, गेले, परत आले.

क्वार्टरची_पोरगी
मी कॉन्स्टेबलची मुलगी. 'बिचारे किती राबतात' चालणार नाही असं धागाकर्त्यांनी सांगितलंय, तरी लिहितेच, कारण पक्षपाताशी त्याचा संबंध आहे. मोमिनपुरा_कट्टा यांनी दिलेल्या त्याच २०१९ च्या अहवालात पोलिसांची सरासरी ड्युटी दिवसाला चौदा तासांची निघाली होती. डिसेंबरात अधिवेशन आलं की बाबा घरी फक्त कपडे बदलायला यायचे. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले तर मंगल कार्यालयाच्या सतरंजीवर झोपायचे, थंडीत अंघोळीला रांग. चौदा तास उभा असलेला माणूस समोरच्याचं म्हणणं ऐकून घेत नाही, तो कपडे आणि आडनाव बघून पटकन ठरवतो आणि मोकळा होतो. मी याचं समर्थन करत नाहीये. मोर्चातल्या लोकांना मात्र समोर 'सरकार' दिसतं, आणि तिथं उभा असतो तो पाठदुखीचा पट्टा बांधलेला माझा बाप.

बाबांचं स्वतःचं मत? ते मतदान कोणाला करतात हे आईलाही माहीत नाही.

बर्डीवाली
@क्वार्टरची_पोरगी, शेवटची ओळ आवडली.

बायकांच्या बाजूनं कोणीच लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते. १९७२ मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. नागपूर खंडपीठानं दोघा पोलिसांना शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये सोडलं. त्यावरून देशभर गदारोळ झाला आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. म्हणजे आज कोठडीतल्या बाईला जे काही संरक्षण आहे, त्याची सुरुवात आपल्या विदर्भातल्या एका ठाण्यापासून झाली.

आणि १३ ऑगस्ट २००४. कस्तुरबा नगरच्या बायकांनी वस्तीवर दहशत असलेल्या अक्कू यादव या गुंडाला जिल्हा न्यायालयाच्या आवारात संपवलं. वर्षानुवर्षं तक्रारी करून काही होत नाही, उलट तक्रार केल्याचं त्यालाच कळतं, असं वस्तीचं म्हणणं होतं. २०१४ मध्ये सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. अक्कूला मारलं तेव्हा मुख्यमंत्री कोण होते ते न शोधता सांगा बरं कोणीतरी.

खामल्याचा
विलासराव?

वर्धा_रोड
ऑगस्ट २००४ म्हणजे सुशीलकुमार शिंदे. विलासराव नोव्हेंबरात आले.

बर्डीवाली
बघा. अक्कू सगळ्यांना आठवतो, मुख्यमंत्री शोधावा लागतो. पण त्या हत्येचं कौतुक करणारे मेसेज पाठवू नका हं, मला ते अजिबात नकोत. लोकांनी न्यायालयात माणूस मारला यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही.

फक्त_कार्यकर्ता
इतका वेळ वाचून राहिलो, आता बोलतो. मी एका पक्षाचा वॉर्डातला कार्यकर्ता. पक्ष कोणता ते जाऊ द्या, दोन्हीकडं सारखंच आहे. तुम्ही सगळे म्हणून राहिले की राजकारणी ठाण्यात फोन करतात. करतो ना बाप्पा, रोज करतो. पण कोणासाठी करतो? सकाळी आठ वाजता माह्या दारात जो उभा रायते त्याचं पोरगं गाडी ठोकून बसलेलं असते, नाही तं घरमालकानं सामान बाहेर फेकलेलं असते. थो मले म्हणते, 'भाऊ, एक फोन लावून द्या.' नाही म्हटलं तं पुढच्या निवडणुकीत मत गेलं. ह्याच माणसाचा मोबाईल पाहा, त्यात 'पोलीस राजकारण्यांचे गुलाम' असा मेसेज फॉरवर्ड केलेला दिसन. कायद्याची लाइन लांब हाय म्हणून तो माह्याकडं येते. फोन लावला का लाइन मोडली, मागच्याचा नंबर गेला. मागचा कोण, तं ज्याच्याकडं कार्यकर्ता नाही तो.

आता आमच्यावरच्या केसेस. मोर्चा काढला का मपोका १३५, म्हणजे महाराष्ट्र पोलीस कायद्यातलं बंदी हुकूम मोडल्याचं कलम. अधिकाऱ्याच्या टेबलावर हात आपटला का ३५३, म्हणजे सरकारी नोकराले बळानं रोखल्याचं कलम, आता नवीन कायद्यात १३२. आपलं सरकार आलं का 'राजकीय-सामाजिक आंदोलनातले गुन्हे मागे' म्हणून जीआर निघते, अर्ज करा न मोकळे व्हा. विरोधकाचे मागं राहतात. मग त्याचं सरकार येते. आमदार-खासदारांच्या केसेस हायकोर्टाला विचारल्याशिवाय मागं घेता येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये सांगितलं, म्हणून साहेब लोक अडकले. आम्ही बारके सुटतो.

रामदासपेठी
@फक्त_कार्यकर्ता, इतकं सरळ कोणी लिहीत नाही. पण मग तुम्ही कोणाला कधीच नाही म्हणत नाही का?

फक्त_कार्यकर्ता
बायको-पोरीला मारलेल्याले म्हणतो. बाकी नाही.

शाळामास्तर
ठाण्यात लाइन लांब का असते ते सांगतो. आमच्या भागातल्या ठाण्यासमोर एक झेरॉक्सवाला आहे. त्याच्याकडे छापील अर्जांचा गठ्ठाच असतो. 'प्रति, मा. पोलीस निरीक्षक साहेब' इथून सुरुवात, मध्ये नाव, पत्ता, वस्तू आणि ठिकाण यांच्यासाठी रेघा, आणि शेवटी आधीच छापलेलं: 'माझी कोणाविरुद्धही तक्रार अथवा संशय नाही.' दहा रुपये. मी म्हटलं, माझा संशय आहे. तो म्हणाला, 'सर, मग हा फॉर्म नाही चालणार, आणि दुसरा आपल्याकडं नाही.' आत गेलो तर डायरीवरच्या हवालदारांनी तोच कागद मागितला. गुन्ह्यांचा आकडा वाढला की ठाणेदाराला गुन्हे बैठकीत ऐकावं लागतं, म्हणून चोरीची 'गहाळ' होते आणि मारामारीची एनसी, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास न होणारी अदखलपात्र नोंद. यात कोणाची जात, पक्ष, धर्म काही नाही. पण ज्याच्याकडे ओळख आहे त्याचा गुन्हा नोंदला जातो आणि बाकीच्यांना झेरॉक्सवाला. माझ्या मते पक्षपात इथूनच सुरू होतो.

निवृत्त_खाकी
मास्तर, बरोबर बोललात. आकडा कमी म्हणजे अधिकारी चांगला, हे मोजमाप आमच्याच वरिष्ठांनी लावलं. विधानसभेत विरोधक कोणीही असो, वाढलेला आकडा घेऊनच उभा राहतो. गुन्हे प्रामाणिकपणे नोंदवणारा ठाणेदार त्या तक्त्यात सगळ्यांत वाईट दिसतो.

काळा_कोट
वकील आहे म्हणून राहवत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे ललिता कुमारी निकालात घटनापीठानं २०१३ मध्ये सांगितलं. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आलं. हद्द कोणतीही असो, कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एक बदल मात्र मला खटकतो: तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीनं चौदा दिवस प्राथमिक चौकशी करायची मुभा मिळाली आहे. ओळख नसलेल्या माणसाला त्या चौदा दिवसांत किती चकरा पडतील ते मास्तरांच्या झेरॉक्सवाल्याला विचारा.

आणि दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याची वाट आहेच. लोक ती वापरत नाहीत, कार्यकर्त्याच्या दारात जातात.

फक्त_कार्यकर्ता
वकील साहेब, तुमची फी किती?

तर्रीबाज
😂 टाळ्या.

नवा_मेंबर
सगळा धागा वाचला. माझी अडचण आजचीच आहे. काल संध्याकाळी आठवडी बाजारात शर्टाच्या खिशातून मोबाईल काढला कोणीतरी. ठाण्यात गेलो तर म्हणाले 'गहाळ' लिहून द्या, लगेच शिक्का मारतो. मी म्हटलं चोरी झाली आहे. मग म्हणाले साहेब बंदोबस्तात आहेत, उद्या या. काय करू?

काळा_कोट
मोबाईल पाच हजारांच्या वरचा आहे ना? नव्या कायद्यात त्याखालची चोरी अदखलपात्र धरलेली आहे, म्हणून विचारतो. वर असेल तर छापील फॉर्म घेऊ नका. साध्या कागदावर स्वतः लिहा: 'खिशातून चोरला', वेळ, जागा, आयएमईआय नंबर. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं उपायुक्तांना पाठवा, कलम १७३(४). तक्रारीची प्रत हाती आली की सीईआयआर या हरवलेले-चोरलेले मोबाईल बंद करायच्या सरकारी पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करा. सिम आजच बंद करा, बँकेच्या ॲपचं तर आधी बघा.

फक्त_कार्यकर्ता
ठाणं कोणतं ते व्यनि (खासगी निरोप) कर. फोन लावून देतो.

काळा_कोट
अहो, हेच तर इतका वेळ…

नवा_मेंबर
दोघांचे आभार. अर्ज लिहायला घेतलाय. भाऊ, व्यनि पण केलाय.